बालसाक्षीदाराची स्मृती

देवळाली कॅम्पच्या लॅम रोडवर मोटारीची सायकलस्वारास धडक बसली आणि ती एका ७ वर्षांच्या मुलाने पाहिली, अशी कल्पना करावी. ‘काय झाले, बाळ?’ या प्रश्नास तो थोडकेच उत्तर देईल. पण ते बहुधा खरे असेल. ‘मोटार लालच होती ना?’ असे विचारताच मात्र न पाहिलेला रंगही त्यास आठवू लागतो, आणि निरपराध मोटारवाला गोत्यात येतो! १९११ साली बेल्जियममधील व्हारेंडाँक यांनी ७ वर्षांच्या १८ मुलांना एका शिक्षकाच्या दाढीचा रंग विचारला. १६ मुलांनी ‘काळा’ म्हणून सांगितले. शिक्षकांना दाढी मुळी नव्हतीच. वडील माणसाचा प्रश्नच चुकीचा असेल, ही शंका मुलास सहसा शिवत नाही.

तथापि बालसाक्ष टाकाऊ नव्हे. २००८ च्या मुंबई हल्ल्यात जखमी झालेल्या मुलीने पुढील वर्षी, वयाच्या १० व्या वर्षी, न्यायालयात कसाबला ओळखले. महाराष्ट्रातीलच एका खटल्यात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की साक्ष विश्वसनीय असून पढवल्याचा संभव नसेल, तर एकट्या मुलाच्या शब्दावरही आरोपीस दोषी ठरवता येते. म्हणून न्यायाधीश आरंभी नाव, शाळा असे साधे प्रश्न विचारून मुलाची समज पारखून घेतात.