तहानेनें व्याकूळ झालेल्या कोंबडीची शुश्रूषा

कोंबडी मान टाकून बसली कीं घरांत दोन पक्ष होतात. मुलें पाण्याची वाटी घेऊन धांवतात, आणि वडील माणसें सुरी कोठें आहे तें विचारूं लागतात. वडिलांचा विचार निर्दयपणाचा असतो असें नाहीं; मरण्यापूर्वीं कापली तर निदान वाया जात नाहीं, एवढाच त्यांचा हिशेब. परंतु ज्या पांखराचा रोग ठाऊक नाहीं तें शिजवून खाणें हा हिशेब आम्हांस मुळींच पटत नाहीं. शिवाय पुष्कळदां तिला कांहीं मोठा रोग नसतो. अंगांतील पाणी आटल्यामुळें ती तशी बसलेली असते. अशी कोंबडी वांचूं शकते, आणि तें काम आमच्या शाळेंतील लहान विद्यार्थ्यांसहि साधण्यासारखें आहे.

कोंबडीस घाम येत नाहीं, कारण तिच्या कातडींत घर्मग्रंथीच नसतात. तिच्या शरीराची उष्णता मूळचीच सुमारें ४१ अंश सेल्सियस, म्हणजे आपल्यापेक्षां चार अंशांनीं अधिक. हवा तापली कीं ती चोंच उघडून धापा टाकते. त्या धापेबरोबर घशांतील ओलावा वाफ होऊन जातो व अंग निवतें. म्हणजे अंग निवविण्यासाठीं तिला पाणीच खर्चावें लागतें. मोठी कोंबडी एरव्हीं दिवसाकांठीं सुमारें पाव लिटर पाणी पिते. कडक उन्हांत तिला दुप्पटहि लागतें. वैशाखांत खुडूक बसलेल्या कोंबडीकडे तर विशेष लक्ष असावें. एकवीस दिवसपर्यंत ती अंड्यांवरून दिवसांतून एखाद्याच वेळीं उठते. त्या वेळीं पाण्याचें भांडें पालथें पडलेलें असलें तर ती तशीच परत जाऊन बसते, आणि आई व पिलें दोन्हीं एकदम हातचीं जाण्याची वेळ येते.

पाणी आटल्याचीं चिन्हें सहज दिसतात. तुरा निस्तेज किंवा काळसर होऊन सुरकुततो, डोळे खोल जातात, पंख लोंबतात, तोंडांतील लाळ चिकट होते. अशा कोंबडीस प्रथम इतरांपासून वेगळी करावी, कारण कोंबड्या आपल्यांतील दुबळीला टोंचून हैराण करितात. सावलींत जुनें गोणपाट अंथरून वर डालगें झांकलें म्हणजे झालें. ती धापा टाकीत असेल तर वारा लागूं द्यावा व पाय गार पाण्यांत बुडवावे. बर्फाचें पाणी मात्र अंगावर ओतूं नये. उलट बरेच दिवस आजारी राहून पाय थंड पडले असतील व ती पिसें फुलवून बसली असेल, तर तिला ऊब हवी. हा भेद न पाहतां केलेला उपाय अपायच करील.

आतां पाणी पाजण्याविषयीं. उतावीळ मुलें चोंच फांकून चमचाभर पाणी घशांत ओततात. पक्ष्याच्या श्वासनलिकेचें तोंड जिभेच्या मुळाशींच असतें; तेथें पाणी शिरलें कीं तहानेनें न मेलेली कोंबडी उपचारानें मरते! म्हणून ती शुद्धीवर असेल व मान सांवरीत असेल तरच पाजावें. आधीं चोंचेचें टोंक पाण्यास लावून पाहावें. ती आपण होऊन पिईना, तर चोंचेच्या कडेवर ड्रॉपरनें अथवा बोटानें एक थेंब सोडावा. तो गिळला कीं दुसरा. थोडी विश्रांति देऊन दहा-पंधरा मिनिटांनीं पुन्हा.

साध्या पाण्याबरोबर मीठ-साखरेचें पाणी अधिक लवकर गुण देतें. १९७१ सालीं बंगालमधील बनगांव येथें निर्वासितांच्या छावणींत पटकीची सांथ आली, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं हेंच साधें पेय देऊन हजारों रोग्यांवर उपचार केले. आंतड्यांत साखर व मीठ हीं जोडीनें शोषलीं जातात आणि पाणी त्यांच्या मागोमाग रक्तांत शिरतें. कोंबडीस मात्र जास्त मीठ विषासमान आहे; तेव्हां अंदाजानें मूठभर टाकूं नये. दुकानांतील ओआरएसची पुडी तिजवर लिहिलेल्या प्रमाणानें कालवून त्यांत आणखी तितकेंच पाणी मिसळावें, व तें एखादा दिवसच द्यावें.

ती नीट पाणी पिऊं लागली म्हणजे मऊ भात किंवा उकडलेल्या अंड्याचा बलक थोडाथोडा द्यावा. त्यापूर्वीं सकाळीं गळ्याखालील दाण्याची पिशवी चांचपून पाहावी. रात्रींतून ती रिकामी झालेली असावयास पाहिजे. अजून भरलेली व कठीण लागली तर खाणें देऊं नये, पशुवैद्यास दाखवावें.

हिरवट पातळ विष्ठा व पिळवटलेली मान दिसली तर तो मानमोडीचा संशय समजावा. कुमाऊं प्रांतांतील राणीखेत गांवावरून या रोगास राणीखेत असेंहि नांव आहे. त्यावर औषध नाहीं, लस आहे. ती वेळेवर टोंचून घेणें हें आम्हीं पालकांस आग्रहानें सुचवितों. आणि एकदम पुष्कळ कोंबड्या मरूं लागल्या तर कोणीहि त्यांस हात लावूं नये. ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यांत कळवावें. २००६ सालीं भारतांत बर्ड फ्लूचा पहिला उद्भव झाला तो आपल्या नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथेंच. एकट्या आजारी कोंबडीची शुश्रूषा करणाऱ्या मुलानेंहि प्रत्येक वेळीं साबणानें हात धुवावे.

बरी झालेली कोंबडी दिवसाउजेडीं कळपांत सोडूं नये, तिच्यावर सगळ्या तुटून पडतात. अंधार पडल्यावर ती हळूच खुराड्यांत नेऊन ठेवावी. अंड्यांची मात्र लगेच वाट पाहूं नये. अंग भरण्यास तिला कांहीं आठवडेहि लागतील.