गाडी कंपनीची, भरवसा उस्तादाचा

नागपुरात माणूस साबण बदलतो, मोबाइलची कंपनी बदलतो, वेळ पडली तर डॉक्टरही बदलतो. पण मोटारसायकलची कंपनी बदलायची म्हटली की घरात बैठक बसते. मोमिनपुऱ्यातल्या एखाद्या पानठेल्यावर कुणी सहज म्हणावं, की स्प्लेंडरपेक्षा प्लॅटिना बरी, आणि मग गंमत बघावी. ज्याच्या खिशात पेट्रोलपुरतेच पैसे आहेत, तोही कंपनीत आपली भागीदारी असल्यासारखा उठून बोलू लागतो. बुलेटवाला दोघांकडे बघून हसतो. पल्सरवाला तिघांना म्हातारं ठरवतो. चहा संपतो, कुणाचंही मत बदललेलं नसतं.

आम्हाला या भांडणाचं नेहमी कुतूहल वाटत आलं आहे. कंपनीने या मंडळींना काही दिलेलं नाही, उलट यांनीच घाम गाळून कंपनीला पैसे मोजले आहेत. मग एवढी निष्ठा येते कुठून? जाहिरातीतून, असं उत्तर पटकन दिलं जातं. आमच्या मते जाहिरात फार उशिरा येते. त्याआधी बरंच काही घडून गेलेलं असतं.

आमच्या आधीच्या पिढीपुढे निवडीचा प्रश्नच फारसा नव्हता. परवान्यांच्या त्या काळात गाड्या मोजक्या निघत. १९५५पासून मद्रासला बुलेट तयार होत होती. १९६१मध्ये म्हैसूरला जावा सुरू झाली, तीच पुढे येझदी म्हणून ओळखली गेली. एस्कॉर्ट्सची राजदूत दूधवाल्यांपासून तलाठ्यांपर्यंत सगळ्यांकडे दिसे. स्कूटर हवी तर पुण्याजवळच्या आकुर्डीची बजाज. १९७२ साली आलेल्या चेतकसाठी लोक पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघत. ज्या गाडीसाठी इतकी वाट पाहिली, तिच्यातला दोष दिसेलच कसा? चेतक सुरू होत नसेल तर ती एका बाजूला तिरपी करायची, मग सरळ करून किक मारायची. हा दोष आहे असं कुणाला वाटत नसे. तो गाडीचा स्वभाव मानला जाई. घरातल्या वडीलधाऱ्यांचा स्वभाव सांभाळतात तसा तोही सांभाळला जाई.

मग १९८५ साल आलं. त्या एकाच वर्षी दोन उलट्या स्वभावाच्या गाड्या बाजारात उतरल्या. एक यामाहाची आरएक्स-१००, जिच्या आवाजाची आठवण आजही पन्नाशीतल्या माणसांचे डोळे चमकवते. दुसरी हिरो होंडाची सीडी-१००. दिसायला साधी, पळायला मध्यम, पण तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागत नव्हतं आणि एक लिटर संपता संपत नव्हतं. कामठीहून रोज नागपूरला पंधरा-सोळा किलोमीटर येणाऱ्या माणसाला, इतवारीतून कापडाचे गठ्ठे बांधून खेड्यांत फेरी करणाऱ्याला, हिंगणा एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्याला यातली कोणती गाडी हवी होती हे सांगायला नको. १९९४मध्ये स्प्लेंडर आली तेव्हा जमीन तयारच होती. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५च्या वर जातो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या टाकीला हात लावता येत नाही. अशा दुपारी जी गाडी पहिल्या किकला सुरू होते, तिचं नाव माणूस विसरत नाही.

या नावाची एक गंमत आहे. हिरो आणि होंडा या दोन कंपन्यांची फारकत २०१०च्या डिसेंबरात जाहीर झाली आणि पुढच्या वर्षी कंपनीचं नावही बदललं. पण आमच्या मोहल्ल्यात अजून पुष्कळ लोक ‘हिरो होंडा’च म्हणतात. दोन घरं कधीच वेगळी झाली, सोयरे मात्र जुन्याच नावाने हाक मारतात.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. गाडी घ्यायची ठरली की नागपूरचा माणूस शोरूममध्ये नंतर जातो, आधी उस्तादाकडे जातो. उस्ताद म्हणजे गल्लीच्या तोंडाशी दहा बाय दहाच्या दुकानात, काळ्या पडलेल्या हातांनी काम करणारा मेकॅनिक. या शहरात हा हुन्नर कितीतरी मुस्लिम घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. शाळा सुटलेला पोरगा शागिर्द म्हणून बसतो. पहिलं वर्ष पाने-पक्कड पुसण्यात आणि चहा आणण्यात जातं. मग चेन साफ करायला मिळते, मग प्लग, मग क्लच प्लेट. इंजिन खोलायला मिळतं तेव्हा तो स्वतःला अर्धा उस्ताद समजू लागतो. चांगला उस्ताद गाडी दुकानाशी यायच्या आत, नुसत्या आवाजावरून टॅपेट ढिले झालेत की चेन वाजते आहे, ते सांगतो. अशा माणसाने “भाईजान, ये ले लो, इसका सामान मिलता है” असं म्हटलं की निर्णय झाला. कंपनीने एखाद्या नटाला कोट्यवधी देऊन करून घेतलेली जाहिरात या एका वाक्यापुढे टिकत नाही.

‘सामान मिळतं’ या शब्दांत बरंच काही आलं. काटोल-सावनेरच्या बाजारात, उमरेडच्या रस्त्यावर, रात्री नऊ वाजता क्लचची तार तुटली तर ती तिथल्या तिथे मिळेल का? अस्सल पार्ट परवडला नाही तर दुसऱ्या कंपनीचा बसेल का? जी गाडी जास्त विकली जाते तिचं सामान जास्त ठिकाणी मिळतं. जिचं सामान मिळतं ती आणखी विकली जाते. हे चक्र एकदा फिरू लागलं की नव्या कंपनीला आत शिरणं अवघड होतं, मग तिची गाडी कितीही गुणी असो.

पण उस्तादाचा सल्ला पूर्ण निःपक्ष असतो असंही नाही. त्याच्या हातांना जी गाडी ठाऊक, तीच त्याला चांगली वाटते. त्याचा उस्ताद बुलेटवाला होता म्हणून तोही बुलेटवाला. त्याचे शागिर्दही तेच होणार. हा एक सिलसिलाच असतो. आणि गिऱ्हाइकाला वाटतं की आपण कंपनीवर विश्वास ठेवतो आहोत. खरं तर त्याचा विश्वास त्या काळ्या पडलेल्या हातांवर असतो. उस्ताद दुकान बदलून दूर गेला आणि नवा मेकॅनिक दुसऱ्या कंपनीचा जाणकार निघाला, की वीस वर्षांची निष्ठा एका वर्षात ढासळलेली आम्ही पाहिली आहे.

शरीरालाही सवय लागते, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. ज्याने ती पंधरा वर्षं चालवली तो दुसऱ्या गाडीवर बसला की घाबरून ब्रेक समजून गिअर दाबायचा. अशा माणसाने कंपनी बदलली नाही तर तो भावनेचा प्रश्न नसतो, जिवाचा असतो.

पैशाची बाजू आणखी स्पष्ट आहे. आपल्यातली पुष्कळ कुटुंबं व्याजाचं कर्ज टाळतात. ती भिशी लावतात, किंवा थोडे थोडे साठवून रोख पैशांत जुनी गाडी घेतात. जुनी गाडी घेणाऱ्याला शोरूमची वॉरंटी नसते. कागद साफ आहेत का, इंजिन आधी उघडलेलं आहे का, आणि उद्या विकायची वेळ आली तर किती परत येतील, एवढंच तो बघतो. म्हणून तो प्रयोग करत नाही. सगळे घेतात तीच गाडी घेतो. बाहेरून बघणाऱ्याला हा ब्रँडचा मोह वाटेल. आम्हाला ही गरिबाची हिशेबी समजूत वाटते आणि तिचा आदर करावासा वाटतो. गाडी ही त्याच्यासाठी तिजोरीही असते. दवाखान्याचा खर्च उभा राहिला की पहिली तीच विकली जाते, आणि आठ दिवसांत विकली जाईल असं नाव तिच्या टाकीवर असावं लागतं.

यानंतर येते आठवण. अब्बांच्या राजदूतच्या टाकीवर बसून ईदगाहला गेलेला मुलगा मोठा होतो, बऱ्यापैकी कमावतो आणि गंजलेली राजदूत दुरुस्त करण्यात पगार ओततो. म्हैसूरचा कारखाना १९९६मध्ये बंद पडला, तरीही जावा-येझदीवर जीव टाकणारे लोक होते. तेवढ्या भांडवलावर २०१८मध्ये जावा हे नाव पुन्हा बाजारात आलं. म्हणजे मेलेल्या कंपनीवरही माणूस प्रेम करतो, आणि हुशार व्यापारी ते प्रेम विकत घेऊन त्यालाच पुन्हा विकतो. जाहिरात येते ती इथे. ती नवं काही निर्माण करत नाही; घरात पडलेल्या जुन्या फोटोला चौकट लावून देते.

इथपर्यंत आमची काही तक्रार नाही. चांगली सवारी ही नेमत आहे. सूरह नह्‌लमध्ये घोडे, खेचरं आणि गाढवं यांचा उल्लेख सवारीसाठी आणि शोभेसाठी म्हणूनही आला आहे. शोभा नाकारलेली नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सवारीच्या जनावरांना नावं होती. सहीह बुखारीत एक प्रसंग येतो. प्रेषितांची अज्बा नावाची सांडणी शर्यतीत कधी मागे पडत नसे. एकदा एक खेडूत अरब आपल्या तरण्या उंटावर आला आणि पुढे निघून गेला. सोबतच्या मुस्लिमांना ते फार लागलं. त्यांच्या चेहऱ्यांवरची नाराजी प्रेषितांनी ओळखली आणि समजावलं, की जगात जे वर चढतं त्याला खाली आणणं हे अल्लाहने ठरवूनच ठेवलेलं आहे. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी सिग्नलवर मागे पडायला तयार नसलेला मुलगा आहे, त्यांनी हा प्रसंग जेवताना जरूर सांगावा. सहाबांनाही आपली सवारी मागे पडली की वाईट वाटत असे, हे ऐकून मुलगा निदान पुढचं ऐकून घेईल.

कारण पानठेल्यावरचं भांडण जिभेवर राहतं तोवर करमणूक असते. ते सायलेन्सरमध्ये उतरतं तेव्हा गल्लीतल्या आजाऱ्याची झोप जाते. कंपनीने बसवलेला सायलेन्सर काढून फटाके फोडणारा बसवायचा, मग रात्री अकरा वाजता मशिदीपासून चौकापर्यंत तीन फेऱ्या; यात कोणत्या कंपनीची शान वाढते, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

आणि हीच निष्ठा निकाहच्या बोलणीत शिरते तेव्हा तिचा रंग पार पालटतो. या विषयावर आपण फार हळू आवाजात बोलतो. मुलाकडचे सांगतात, आम्हाला काही नको. मग चहाचा दुसरा कप होतो आणि मुलाचे एखादे मामू सहज म्हणून बोलून जातात, की लडक्याला बुलेटचा शौक आहे. गाडी नाही मागितली, शौक सांगितला. मुलीचे अब्बा समजायचं ते समजतात. ज्या घरात स्वतःसाठी व्याजाचा हप्ता कधी घेतला गेला नाही, तिथे जावयाच्या गाडीसाठी तो घेतला जातो. रंग कोणता, डिस्क ब्रेक एक की दोन, हे सगळं बारकाईने ठरतं. मेहरची रक्कम मात्र काझीसाहेब विचारतात तेव्हा घाईघाईने, बिरादरीत चालत आलेली असते तीच सांगितली जाते. सूरह निसाने जे स्त्रीला खुशीने द्यायला सांगितलं ते असं उरकायचं, आणि जे मागणं १९६१च्या हुंडाबंदी कायद्याने गुन्हा ठरवलं आहे त्याचा मॉडेल नंबरही पाठ. अशा गाडीच्या आरसी बुकावर नाव दामादचं असतं आणि कर्जाच्या कागदावर सासऱ्याचं. उस्तादाने सांगितलेली शंभर सीसीची गाडी आणि मामूंनी सांगितलेली बुलेट यांच्या किमतीतल्या फरकात त्या मुलीच्या बीएडची फी सहज निघाली असती. कंपनीचा यात काही दोष नाही. तिने गाडी विकली. तिची इज्जत आपण ठरवली.

मुली स्वतः गाडी निवडतात तेव्हा त्यांचे निकष निराळे असतात, हेही सांगायला हवं. एकेकाळी अहमदनगरच्या फिरोदियांच्या लुनाने पुष्कळ मास्तरणींना शाळेत पोहोचवलं. २००१ साली अॅक्टिव्हा आली. गिअर नाही, पाय ठेवायला सपाट जागा, बुरख्याचा किंवा ओढणीचा घोळ आवरून बसता येतं, पुढे दप्तर आणि मागे धाकटा भाऊ. नागपूरच्या उन्हात तोंडाला स्कार्फ गुंडाळून सदरहून जाफरनगरला जाणाऱ्या मुलीला त्या गाडीच्या कंपनीचा इतिहास ठाऊक नसतो. ती तिथेच राहते कारण तिची अम्मी तीच चालवत होती आणि कधी रस्त्यात अडकली नव्हती. पानठेल्यावरच्या भांडणात तिचं मत कुणी विचारत नाही, तरी घरातली पुढची गाडी कोणती हे हल्ली बहुधा तीच ठरवते.

एप्रिल २०२०पासून बीएस-६चे नियम लागू झाले आणि बहुतेक गाड्यांमधून कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. स्क्रू फिरवून, कान लावून गाडी बसवण्याचे दिवस त्याबरोबर सरत चालले आहेत. बिघाड कुठे आहे ते आता सेन्सर सांगतो आणि सेन्सरचं म्हणणं वाचायला स्कॅनर लागतो. चेतकही परतली आहे, पण विजेवर, आवाज न करता. तिरपी करायची सोयच उरली नाही. ज्या उस्तादांना हे जमत नाही त्यांच्याकडे जुन्या गाड्या तेवढ्या उरल्या आहेत. ज्यांनी उधारउसनवार करून स्कॅनर घेतला, मुलाला आयटीआयला घातलं, त्यांच्या दारात आता बुलेट, स्प्लेंडर आणि पल्सर एका रांगेत उभ्या दिसतात. गिऱ्हाईक स्क्रीनवरच्या आकड्यांकडे बघत नाही. उस्तादाच्या तोंडाकडे बघतं आणि विचारतं, “सामान मिलेगा ना?”