उन्हाळी आठवड्याचा अंदाज : पाऱ्यापलीकडचे वाचन

मे महिन्यातील साप्ताहिक हवामान अंदाज बहुधा कमाल तापमानाच्या एका आकड्यावर वाचला जातो. परंतु भारतीय हवामानशास्त्र विभाग महाराष्ट्राचा विचार कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ अशा उपविभागांनुसार करतो, आणि या प्रत्येक ठिकाणी त्याच आकड्याचा अर्थ निराळा होतो. चंद्रपुरात मे महिन्याचे सरासरी कमाल तापमान 43 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तर मुंबईत ते 33 अंशांच्या घरात राहते. त्यामुळे चंद्रपूरकरांना दिलासा वाटावा असा 40 अंशांचा दिवस मुंबईत जिवावर बेतू शकतो.

म्हणूनच उष्णतेची लाट ठरवताना पारा किती चढला यासोबत तो त्या ठिकाणच्या सरासरीच्या किती वर गेला, हेही पाहिले जाते. मैदानी प्रदेशात कमाल तापमान निदान 40 अंश आणि सरासरीपेक्षा 4.5 ते 6.4 अंशांनी अधिक असेल तर ती उष्णतेची लाट, आणि वाढ त्याहूनही अधिक असेल तर तीव्र लाट मानतात. किनारपट्टीसाठी 40 ऐवजी 37 अंशांची मर्यादा धरली जाते. विदर्भासारख्या प्रदेशात सरासरीच चढी असल्याने दुसरा निकषही उपयोगी पडतो, तो असा की पारा 45 अंशांवर पोहोचला तर लाट आणि 47 अंशांवर पोहोचला तर तीव्र लाट. उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस ही स्थिती राहिली, तरच लाट जाहीर होते.

आठवडा कसा जाईल हे मुख्यतः वाऱ्यांवर ठरते. वायव्येकडून कोरडे वारे येत असतील आणि वरच्या थरांत जादा दाबाचे क्षेत्र ठाण मांडून असेल, तर खाली उतरणारी हवा दाबली जाऊन तापते, ढग विरतात आणि विदर्भात दिवसेंदिवस ऊन साचत जाते. कोकणात समुद्रावरून येणारे खारे वारे पारा आवरतात. पूर्वेकडील वाऱ्यांच्या जोरामुळे हे खारे वारे दुपारपर्यंत अडले, की मुंबईही पोळून निघते. याउलट विदर्भापासून दक्षिणेकडे कमी दाबाचा पट्टा पसरला आणि बंगालच्या उपसागरावरील बाष्प त्यात मिसळले, तर सकाळभर तापलेल्या मराठवाड्यात सायंकाळी वळीव कोसळतो आणि त्यासोबत विजा व गाराही येतात.

अंदाजाच्या शब्दांनाही ठरीव मापे आहेत. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे उपविभागातील फार तर एक चतुर्थांश केंद्रांवर पाऊस. ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे तीन चतुर्थांशांहून अधिक केंद्रांवर. त्यामुळे तुरळक पावसाच्या अंदाजानंतर एखादे गाव कोरडे राहिले, एवढ्यावरून अंदाज चुकला असे ठरत नाही. पिवळा इशारा सावध राहण्यास, नारिंगी तयारीत राहण्यास आणि लाल प्रत्यक्ष कृतीस सांगतो. मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांच्या अंदाजावर जितके विसंबता येते, तितके सातव्या दिवसाच्या अंदाजावर येत नाही, म्हणून तो रोज नव्याने पाहावा लागतो.

शरीराचा हिशेब याहून कठोर आहे. घाम वाळताना अंगातील उष्णता बाहेर पडते. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि उष्णता आतच कोंडते. 16 एप्रिल 2023 रोजी खारघर येथे उघड्या मैदानावरील कार्यक्रमानंतर उष्माघाताने 14 जण दगावले, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. रात्रीचेही तसेच आहे. दिवसाचे तापमान 40 अंशांवर असताना किमान तापमानही सरासरीपेक्षा 4.5 अंश किंवा अधिक वर राहिले, तर तिला उष्ण रात्र म्हणतात, आणि अशा रात्री पत्र्याच्या घरात झोपणाऱ्या मजुराच्या शरीराला दिवसाचा ताण उतरवण्याची उसंतच मिळत नाही.

अंदाजाचे मोल त्यावरून काय बदलते यावर ठरते. मे 2010 च्या लाटेनंतर अहमदाबादने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा राबवला, त्यात इशारा मिळताच दवाखाने, पाणीपुरवठा आणि कामाच्या वेळा यांबाबत काय करावे हे आधीच ठरवलेले होते. गडचिरोलीतील तेंदूपाने तोडणारी कुटुंबे पहाटेच जंगलात शिरतात, कारण दुपारचे ऊन त्यांना ठाऊक असते. रस्त्याच्या वा इमारतीच्या कामावरील मजुराला मात्र स्वतःची वेळ निवडता येत नाही. नारिंगी इशारा आला की दुपारचे काम थांबवणे आणि त्या दिवसाची मजुरी न कापणे, ही जबाबदारी ठेकेदार आणि प्रशासन यांनी स्वीकारली, तरच हा आठवड्याचा अंदाज ज्यांच्यासाठी सर्वांत अधिक गरजेचा आहे, त्यांच्यापर्यंत पोहोचला असे म्हणता येईल.