पहिल्या मीटिंगला जाताना

खारघरमध्ये दारूची दुकानं आणि बार नकोत म्हणून इथल्या रहिवाशांनी वर्षानुवर्षं लढा दिला. त्या लढ्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ज्याला दारू लागली आहे त्याला बेलापूर किंवा पनवेल लांब नाही. आणि सोडायची ठरवली, तर कुठं जायचं हे सोसायटीत विचारायची चोरी. हा लेख त्याच्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे.

आधी डॉक्टरांकडे जा. रोज भरपूर पिणाऱ्यानं स्वतःच्या मनानं एकदम बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास होणं, माणसं न ओळखणं, अंग थरथरणं सुरू झालं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून हात कापत असतील, सकाळी उठल्याबरोबर प्यावी लागत असेल किंवा पूर्वी कधी फिट आली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच थांबवा. डॉक्टरांनी दिलेली औषधं, दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला जाणं सुरू झालं म्हणून बंद करायची नाहीत. गटाचं काम औषधाच्या पुढचं आहे. दारू शरीरातून गेली, आता संध्याकाळी सात वाजता काय करायचं, हा प्रश्न तिथं सुटतो.

अशा गटांची संघटना म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, थोडक्यात एए. ती १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झाली. बिल विल्सन हा शेअर दलाल आणि डॉ. बॉब स्मिथ हा सर्जन, दोघेही दारूत बुडालेले. आपण दुसऱ्या दारुड्याशी बोलत बसलो की आपली स्वतःची टळते, हे त्यांच्या ध्यानात आलं. अजूनही सगळं त्यावरच उभं आहे. २०२० साली कॉक्रेन संस्थेनं २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसं, असा आढावा घेतला. त्यात दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत, एएकडे पद्धतशीरपणे नेणारे उपचार इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस दिसले.

गट शोधायला एए इंडियाच्या संकेतस्थळावरची यादी पाहा किंवा त्यांच्या हेल्पलाइनला फोन करा. पलीकडे बोलणारा बहुधा स्वतः दारू सोडलेला सदस्यच असतो, त्यामुळं लाजायचं कारण नाही. त्याला चार गोष्टी विचारा: वार, वेळ, भाषा, आणि मीटिंग खुली आहे की बंद. बंद मीटिंगला फक्त दारूचा प्रश्न असणारे बसतात, खुल्या मीटिंगला बायको, भाऊ, मित्रही येऊ शकतात. एकट्यानं जायला पाय अडखळत असतील तर तसंही सांगा. एखादा सदस्य आधी भेटून तुम्हाला सोबत नेतो. सरकारी मदत हवी असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक आहेत. ओळखीचं कुणी भेटेल ही भीती असेल, तर आपल्या सेक्टरातला गट सोडून हार्बर लाइनवर दोन-तीन स्टेशनं पुढचा धरा. त्यात कमीपणा काहीच नाही. आणि ओळखीचा भेटलाच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो.

मीटिंग बहुतेक शाळेच्या वर्गात, चर्चच्या किंवा समाजमंदिराच्या खोलीत भरते. खुर्च्या मांडलेल्या, भिंतीवर एएच्या कार्यक्रमाच्या बारा पायऱ्यांचा तक्ता, बहुतेक ठिकाणी चहा. नोंदवही नाही, फी नाही. सदस्य व्हायला दारू सोडायची इच्छा एवढीच अट, आज प्यायला असाल तरी. चेअरपर्सन सुरुवातीचं निवेदन वाचतो, मग एकेक जण बोलतो: पहिलं नाव, ‘मी अल्कोहोलिक’, आणि पुढं स्वतःचीच गोष्ट. पगाराच्या दिवशी काय व्हायचं, मुलाच्या शाळेत कसा गेलो, लग्नाच्या हॉलमधून कसं बाहेर काढलं. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. तुमची पाळी आली आणि बोलावंसं वाटलं नाही, तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हणा, कुणी खोदून विचारणार नाही. शेवटी पिशवी फिरते. एए बाहेरून देणगी घेत नाही, खोलीचं भाडं आणि चहा सदस्यांच्याच पैशातून. नवीन माणसानं काही टाकलंच पाहिजे असं नाही. देवाचं नाव निघालं म्हणून बिचकू नका. बारा पायऱ्यांत ‘आपल्याला उमगलेला देव’ असं म्हटलंय, आणि नास्तिकही वर्षानुवर्षं येत राहतात.

एका मीटिंगवरून मत बनवू नका. निदान पाच-सहा करा, एक गट पटला नाही तर दुसरा पाहा. मीटिंग संपल्यावर लगेच निघू नका, दोन-तीन फोन नंबर घ्या. खरा उपयोग त्या नंबरांचा आहे: तलफ येते तेव्हा ग्लासाआधी फोन उचलायचा. पुढं जुन्या सदस्यांपैकी एकाला स्पॉन्सर, म्हणजे आपला मार्गदर्शक, होशील का असं विचारता येतं. मध्येच पुन्हा घेतली, तर लोक शरमेनं महिनोन्‌महिने फिरकत नाहीत. उलट दुसऱ्याच दिवशी जायचं. असं झालेले त्या खोलीत पुष्कळ बसलेले असतात.

नुसत्या मीटिंगनं भागत नसेल, तर पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे. तिथं राहून उपचार होतात. व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी तिथं सहचरी हा गट आहे. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या मीटिंगाही वेगळ्या भरतात, आणि नवरा एएला जायला तयार नसला तरी बायकोला तिथं जाता येतं. त्याच्या होकाराची वाट पाहत तिनं थांबू नये.