भाड्याची घरे आणि घरमालकांची संघटना

अमेरिकेतील नियोजित वसाहतीत किंवा सामायिक मालकीच्या इमारतीत घर घेणारी व्यक्ती घराबरोबरच तेथील ‘होमओनर्स असोसिएशन’चे, म्हणजे घरमालक संघटनेचे, सभासदत्वही स्वीकारते, हे सभासदत्व ऐच्छिक नसते, कारण जमिनीच्या दप्तरी नोंदवलेल्या घोषणापत्राने ते त्या घराला जोडलेले असते. रस्ते, बागा, छपरे अशा सामायिक मालमत्तेची देखभाल करणे, त्यासाठी वर्गणी गोळा करणे आणि नियमभंगाबद्दल दंड आकारणे ही संघटनेची मुख्य कामे होत. बरीच घरे भाड्याने दिली जाऊ लागली, मालक दूरच्या राज्यात राहू लागले आणि भाडेकरूंविषयीच्या तक्रारी संघटनेच्याच कार्यालयात येऊ लागल्या, की या घरांचे व्यवस्थापनही संघटनेनेच का करू नये, असा प्रश्न सभेत उपस्थित होतो.

प्रश्न वाजवी आहे, कारण मालक खासगी व्यवस्थापकाला भाड्यातला काही हिस्सा देतच असतात आणि तो हिस्सा सामायिक निधीत आला तर वर्गणीवाढ टळेल, शिवाय भाडेकरूही पारखून निवडता येतील, असा हिशेब त्यामागे असतो. मात्र दुसऱ्याची मालमत्ता मोबदला घेऊन भाड्याने देणे हा अनेक राज्यांत परवान्याचा व्यवसाय आहे. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात त्यासाठी सर्वसाधारणपणे स्थावर मालमत्ता दलालाचा परवाना लागतो, आणि संघटनेचे पदाधिकारी तर बहुधा विनावेतन काम करणारे शेजारीच असतात.

कराची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. अंतर्गत महसूल संहितेच्या 528 व्या कलमानुसार संघटनेला सभासदांच्या वर्गणीवर करमाफी घेता येते, परंतु त्यासाठी एकूण उत्पन्नाचा किमान 60 टक्के भाग मालकांनी मालक या नात्याने दिलेल्या वर्गणीतून यावा लागतो आणि किमान 90 टक्के खर्च संघटनेच्या मालमत्तेची खरेदी, बांधणी, व्यवस्थापन व देखभाल यांवरच व्हावा लागतो. एखाद्या सभासदाचे घर भाड्याने लावून दिल्याबद्दल घेतलेले कमिशन वर्गणीत मोडत नाही, त्यावर सरसकट 30 टक्के कर बसतो, आणि त्या कामासाठी नेमलेल्या नोकरांचा पगार 90 टक्क्यांच्या अटीला धक्का लावू शकतो. म्हणजे बाजूचा धंदा वाढला तर मूळ सवलतच धोक्यात येते.

सर्व घरांचे भाडे एकत्र करून मालकांत वाटण्याची योजना, जिला भाडेसंचय म्हणता येईल, आणखी जोखमीची ठरते. फ्लोरिडातील संत्र्यांच्या बागेचे तुकडे मशागतीच्या करारासह विकणाऱ्या हॉवी कंपनीच्या खटल्यात 1946 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की दुसऱ्याच्या श्रमातून नफा मिळेल या अपेक्षेने सामायिक उपक्रमात पैसे गुंतवणे हा गुंतवणूक करार होय. याच सूत्राच्या आधारे रोखे आयोगाने 1973 मध्ये जाहीर केले, की भाडेसंचयाच्या बोलीवर विकलेली सदनिका रोखा मानली जाऊ शकते, आणि रोखा म्हटला की नोंदणीची व माहिती उघड करण्याची बंधने आली.

तरीही सर्वांत गंभीर अडचण भूमिकेची आहे. संघटना नियम करते, उल्लंघन ठरवते आणि दंड करते. तीच एखाद्या मालकाची प्रतिनिधी झाली, तर त्या घरातील गोंगाटाबद्दल शेजाऱ्याने तक्रार केल्यावर तिला स्वतःच्याच ग्राहकाविरुद्ध निवाडा करावा लागेल, आणि गळके छप्पर सामायिक मालमत्तेत मोडत असेल तर भाडेकरूच्या वतीने ज्याच्याकडे दाद मागायची तो पक्षही तीच असेल. भाडेकरू निवडण्याचे काम अंगावर घेतल्यावर 1968 च्या न्याय्य गृहनिर्माण कायद्याची जबाबदारीही अनेक पटींनी वाढते, कारण या कायद्याने वंश, धर्म इत्यादी आधारांवरील भेदभावास मनाई केली असून 1988 च्या दुरुस्तीने अपंगत्व आणि कुटुंबात लहान मुले असणे हे आधारही त्यात जोडले. एका अर्जदाराला चुकीने नाकारल्याची भरपाई ज्यांनी घर कधी भाड्याने दिलेच नाही त्यांच्याही वर्गणीतून जाणार असेल, तर ते उघडउघड अन्यायाचे आहे.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांनाही मालक आणि भाडेकरू यांच्यातील हा ताण परिचित आहे. भाड्याने दिलेल्या सदनिकांवरील बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक नसावे, असा आदेश राज्य शासनाला 2001 मध्ये काढावा लागला. तेथे आणि अमेरिकेतही संघटनेच्या हाती नियमनाची साधने पुरेशी आहेत: भाडेकराराची प्रत मागणे, भाडेकरूला नियमावली पोचवणे, किमान मुदत ठरवणे, आणि मालकांना परवानाधारक व्यवस्थापकाशी स्वतंत्र करार करू देणे. फ्लोरिडाच्या कायद्याने तर वर्गणी थकवणाऱ्या मालकाच्या भाडेकरूकडून भाडे थेट स्वतःकडे वळवून घेण्याचा अधिकारही संघटनेला दिला आहे, आणि तो देताना, थकबाकी फिटेपर्यंत भाडे घेतले म्हणून घराच्या दुरुस्तीची घरमालकावर असणारी कर्तव्ये संघटनेवर येत नाहीत, हेही स्पष्टपणे नमूद केले आहे.