गाव उठतं तेव्हा

सात हाली म्हणजे सहा कलदार. निझामाच्या राज्यातला रुपया आणि बाहेरच्या मुलखातला रुपया यांचा हा अधिकृत भाव. एरवी तो आडत्यांच्या आणि सराफांच्या हिशेबापुरता असायचा. पण १९४७ च्या अखेरीपासून हदगावकडची माणसं पैनगंगा उतरून उमरखेडला जाऊ लागली, तेव्हा त्यांच्या कनवटीला हाली होती आणि पलीकडच्या दुकानात कलदार चालत होता. त्याच सुमारास हैदराबाद सरकारनं दोन वटहुकूम काढले. संस्थानात भारतीय चलन चालणार नाही, हा एक. सोन्याचांदीसारखे मौल्यवान धातू बाहेर नेण्यावर निर्बंध, हा दुसरा. सरकारी दप्तरात ही आर्थिक धोरणं असतील. रातोरात घर सोडणाऱ्या कुटुंबाला मात्र आपलाच पैसा आणि आपलेच दागिने नदीपलीकडे कितपत उपयोगी पडतील, याची खात्री उरली नाही. अशा वेळी माणूस ओळखीवर जगतो.

युद्धानं विस्थापित झालेल्यांना सामान्य माणूस काय मदत करू शकतो, हा प्रश्न हल्ली युक्रेन, सुदान, गाझा या नावांबरोबर आपल्याकडे येतो आणि फार लांबचा वाटतो. नांदेड आणि लातूरच्या माणसांना तो लांबचा वाटायचं कारण नाही. आपल्या आजी-आजोबांनी तो एकाच वर्षात दोन्ही बाजूंनी अनुभवला आहे. त्यातली एक बाजू आपण दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, सांगतो. दुसरी फार कमी वेळा सांगतो. मदतीचं शिक्षण घ्यायचं तर दोन्ही लागतात.

रझाकार, म्हणजे निझामाच्या बाजूचे सशस्त्र स्वयंसेवक, धुमाकूळ घालत होते त्या दिवसांत मराठवाड्यातली गावं उठली. 'गाव उठलं' हा आपल्याकडचा शब्दप्रयोग त्या पिढीच्या तोंडी शब्दशः खरा होता. जाळपोळ, लूट, लेव्हीच्या नावाखाली धान्याची ओढाताण आणि बायकांच्या अब्रूची भीती यामुळे माणसं हद्दीकडे सरकली. जाताना जमेल तेवढं धान्य पेवात किंवा बळदात दडवलं, जनावरं कुणाच्या तरी हवाली केली. नांदेडकरांना उमरखेड जवळ होतं, कारण पैनगंगेच्या उत्तरेला वऱ्हाड सुरू होतो आणि तिथं निझामाचा अंमल नव्हता. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. तिकडच्या माणसांना बार्शी जवळ.

बार्शीची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. १८९७ मध्ये कुर्डुवाडीपासून सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली. लातूरचा कापूस आणि गळिताचं धान्य तिच्यातून बाहेर जाई. १९१७ मध्ये गंजगोलाई उभी राहिली, सोळा रस्ते एका वर्तुळात आले आणि लातूरची पेठ वाढली. या पेठेतल्या आडत्यांचे बार्शीच्या आडत्यांशी उधारीचे, हुंडीचे, सोयरिकीचे संबंध होते. बार्शी तालुका मुंबई इलाख्यातल्या सोलापूर जिल्ह्यात, पण जवळजवळ निझामी मुलखाच्या कुशीत. म्हणून घर सोडायची वेळ आली तेव्हा लातूरच्या माणसाला नकाशा बघावा लागला नाही. मालाची गाडी जिथं जात होती तिथं तो गेला. माझ्या मते आश्रयाचा पहिला नियम इथंच सापडतो. संकटात माणूस आधी व्यवहारातल्या ओळखीकडे जातो. ज्यांची देवघेव आधीपासून चालू असते, ते दार लवकर उघडतात.

निझामाविरुद्धच्या स्टेट काँग्रेसच्या लढ्याचा इतिहास लिहिला गेला, आणि तो चांगला लिहिला गेला. स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी आहेत, अनंत भालेरावांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' आहे. ३० जानेवारी १९४८ ला, म्हणजे दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, उमरीच्या बँकेवर पडलेला छापा नांदेड जिल्ह्यात शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. पण सरहद्दीपलीकडे उभ्या राहिलेल्या लढ्याच्या कॅम्पांत आणि त्यांच्या आसपासच्या घरांत रोज पीठ कुणी मळलं, ढाळजेत चार महिने परकं कुटुंब राहिलं तेव्हा चुलीचं आणि विहिरीचं कसं जमवलं, शिवाशिवीचे निर्बंध कुठं गळून पडले आणि कुठं घट्ट राहिले, हे लिहायला कुणी बसलं नाही. ढाळज म्हणजे वाड्याच्या दरवाजाशी असलेली बैठकीची जागा, जिथं बाहेरच्या माणसाला टेकता येतं आणि घरातल्या बायकांचा वावर आतच राहतो. पाहुण्याला चार दिवस ठेवायला ती पुरते. चार महिने कुटुंब ठेवायचं तर घरधनिणीला आतली खोली, रांजण, उखळ सगळं वाटून घ्यावं लागतं. आश्रय देण्याचा खरा भार तिच्यावर पडतो. आजही कुठल्याही देशात तो तिच्यावरच पडतो, आणि मदतनिधी उभारणाऱ्यांच्या हिशेबात तिची दळणाची मजुरी धरलेली नसते.

या कॅम्पांची आणखी एक बाजू आहे. त्यांत निर्वासित होते आणि लढवय्येही होते. तिथूनच सशस्त्र तुकड्या हद्दीत शिरून नाक्यांवर, ठाण्यांवर हल्ले करत. १९४८ मध्ये उस्मानाबादचे कलेक्टर असलेल्या मोहम्मद हैदर यांचं 'ऑक्टोबर कू' हे आठवणींचं पुस्तक २०१२ मध्ये आलं. त्यात याच सरहद्दीचं पलीकडून दिसलेलं चित्र आहे. लढ्याची बाजू न्यायाची होती, याबद्दल मला शंका नाही. तरी लेकराबाळांचा निवारा आणि बंदुकांचा अड्डा एकाच आवारात आला की निवाऱ्यावर संकट येतं, ही गोष्ट नंतर जगभरच्या निर्वासित छावण्यांनी पुन्हा पुन्हा दाखवली. मदत करणाऱ्यानं ती ओळखून असावं.

पैनगंगेवरची वाहतूक एकतर्फीही नव्हती. फाळणीनंतर वऱ्हाड-मध्यप्रांतातली आणि आसपासच्या मुलखातली भेदरलेली मुसलमान कुटुंबं उलट दिशेनं निझामी हद्दीत येत होती. एक कुटुंब उत्तरेला जात होतं, दुसरं दक्षिणेला, आणि दोघांच्या गाठोड्यांत फारसा फरक नव्हता.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या, १७ ला निझामानं शरणागती जाहीर केली. हद्दीपलीकडची माणसं गावी परतू लागली. आणि मग जे घडलं ते आपण घरात हळू आवाजात बोलतो. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री या तिघांच्या सद्भावना मंडळानं नोव्हेंबरच्या शेवटापासून २१ डिसेंबर १९४८ पर्यंत संस्थानात दौरा केला. सोळापैकी नऊ जिल्हे पाहिले, न पाहिलेल्या १०९ गावांतल्या पाचशेहून अधिक माणसांशी बोलले. या फौजी कारवाईच्या, म्हणजे पोलीस ॲक्शनच्या, काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मेली असावीत, असा त्यांचा अंदाज. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बीदरबरोबर नांदेडचं नाव आहे. लातूरबद्दल अहवाल सांगतो ते वाचवत नाही. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी पूर्वी इथंच वकिली करत होता, त्यामुळे सूडाचा रोख शहरावर आला. वीसहून अधिक दिवस हत्या चालल्या. सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीपैकी जेमतेम तीन हजार माणसं मंडळाला तिथं आढळली. हजारावर मारले गेले होते, बाकीचे जीव घेऊन पळाले होते. त्यात कच्छी व्यापारी होते, ज्यांची दुकानं याच पेठेत होती आणि ज्यांच्याशी गंजातल्या सगळ्यांचा व्यवहार होता. व्यवहारातली ओळख दार उघडते असं मी वर म्हटलं. तिची मर्यादा इथं दिसते. जिथं त्या माणसाच्या जाण्यानं आपलं देणं बुडतं आणि त्याचं दुकान आपल्याला मिळतं, तिथं तीच ओळख घात करू शकते.

आणि तरीही याच अहवालात एक परिच्छेद आहे, जो मराठवाड्यातल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असायला हवा. हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमान शेजाऱ्यांना स्वतःचा जीव धोक्यात घालून वाचवल्याचे दाखले मंडळाला ठिकठिकाणी मिळाले. एकाच धंद्यातल्या माणसांमध्ये ही आपुलकी विशेष दिसली. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचा बचाव केला, आणि तो करताना त्यांच्यातले काही जण मेले. पळवून नेलेल्या मुसलमान बायकांना परत आणण्यातही अनेक हिंदूंनी हातभार लावला.

विणकरांनीच हे का केलं असेल? माझा तर्क असा. साळी, कोष्टी आणि मोमीन एकाच सावकाराकडून सूत उचलत, एकाच बाजारात कापड विकत, भाव पडला की बरोबरच उपाशी राहत. विणकराचा माग जमिनीत खड्डा करून पक्का बसवलेला असतो. पळून जाताना तो उचलून नेता येत नाही. माग मोडला म्हणजे शेजारी किती वर्षं मागं जाईल, हे दुसऱ्या विणकराला कळतं, दुसऱ्या कुणाला तितकं कळत नाही. पेठेतल्या व्यापाऱ्यांत स्पर्धा होती, या मंडळींत अडचण सारखी होती. ती सारखेपणाची जाण जातीधर्माहून खोल गेली होती, म्हणून ती तलवारीसमोर टिकली.

पुढची मदत याहून अवघड होती, आणि तिथं आपण फार कमी पडलो. जीव वाचलेल्याला परत आल्यावर घर लागतं, माग लागतो, शेत लागतं. ते ज्याच्या ताब्यात गेलं तो गावातलाच असतो. अशा वेळी सामान्य माणसाच्या हातात जेवणापेक्षा मोठी एक गोष्ट असते, ती म्हणजे साक्ष. हे घर अमक्याचं, ही विहीर तमक्याची, असं पंचनाम्यात नाव घालून सांगणारा एक शेजारी मिळाला तर विस्थापित माणूस पुन्हा गावकरी होतो. तो न मिळाला तर कायमचा परका होतो. सुंदरलाल मंडळाचा अहवाल सरकारनं प्रसिद्ध केला नाही. तो संपूर्ण स्वरूपात लोकांपुढे यायला अनेक दशकं लागली. सरकारनं दडवलेली गोष्ट गावानंही दडवली, आणि वाचवणाऱ्या विणकरांची शौर्यकथासुद्धा त्यातच गाडली गेली.

याच वर्षांत दक्षिण महाराष्ट्रात दुसरा एक प्रयोग चालू होता. कोल्हापूरजवळ वळिवडे इथं १९४३ पासून १९४८ पर्यंत महायुद्धानं देशोधडीला लावलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांना शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतं, आणि खर्चाची व्यवस्था सुरुवातीला परागंदा पोलिश सरकारमार्फत होत होती. कोल्हापूरच्या त्या आतिथ्याचं स्मारक वॉर्सात उभं आहे. वळिवड्याची आठवण टिकली, कारण पोलिश माणसांनी आपल्या मुलानातवंडांना ती सांगितली आणि लिहून ठेवली. उमरखेडच्या आणि बार्शीच्या घरांना असे लिहिणारे पाहुणे मिळाले नाहीत.

त्यानंतर मराठवाड्याला विस्थापनाचा अर्थ ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पुन्हा कळला. किल्लारीचा भूकंप युद्ध नव्हतं, पण उघड्यावर आलेल्याला काय हवं असतं ते त्यानं शिकवलं. भारतीय जैन संघटनेनं सुमारे १,२०० मुलांना पुण्याला नेऊन वर्षानुवर्षं शिकवलं. पहिल्या आठवड्यात ट्रक भरून आलेल्या मदतीपेक्षा ही मदत मला मोठी वाटते, कारण ती टीव्हीवरची बातमी संपल्यावर चालू राहिली.

आता आजचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा 'ऑपरेशन गंगा'मध्ये सुमारे २२,५०० भारतीय परतले, त्यांत वैद्यकीय शिकायला गेलेली मराठवाड्याची मुलं होती. पोलंड आणि रुमानियाच्या सीमेवर त्यांच्या हातात गरम सूप आणि ब्लँकेट देणारे बहुतेक जण तिथले साधे रहिवासी होते. आपल्या लेकरांना परक्यांनी असं सांभाळलं. उलट बाजूनं बघितलं तर येमेनसारख्या युद्धग्रस्त देशांतली मुलं मराठवाड्यातल्या विद्यापीठांत शिकत आली आहेत. शिकता शिकता मागं देश पेटतो, घरून येणारा पैसा थांबतो, शिष्यवृत्ती अडकते, व्हिसाची मुदत मात्र संपत येते.

भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतल्या तमिळ निर्वासितांचं सरकार स्वतः बघतं. इतर देशांतून आलेल्यांची नोंद संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था दिल्लीतल्या कार्यालयातून करते. त्यामुळे नांदेड-लातूरच्या माणसानं मदत करायची तर कायद्याच्या चौकटीत राहून, आणि आधी माहिती घेऊन. घाबरून घर नाकारणारे घरमालक मी पाहिले आहेत. वास्तविक परदेशी भाडेकरू आल्यापासून चोवीस तासांत त्याची सरकारकडे नोंद करणं हे घरमालकाचं मुख्य कर्तव्य आहे. ते ऑनलाइन होतं आणि शिकलेल्या शेजाऱ्यानं पंधरा मिनिटं दिली तर जमतं. युद्धात हरवलेल्या नातेवाइकांचा शोध रेडक्रॉस घेतं, आणि भारतीय रेडक्रॉसमार्फत तशी विनंती करता येते. ही एवढी माहितीसुद्धा इथं शिकणाऱ्या परदेशी मुलापर्यंत पोचत नाही. परदेशातल्या छावण्यांसाठी काही द्यायचं असेल तर पैसे द्यावेत, जुने कपडे नकोत. कपड्यांची वाहतूक आणि निवड यांतच निम्मी शक्ती जाते. आणि नांदेडमध्ये निदान जेवणाची काळजी कुणाला करावी लागत नाही, गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये कुणी नावगाव विचारत नाही.

लंगरनंतरचं काम बाकीच्यांनी करायचं आहे. खानावळवालीनं दोन महिने बिल थांबवायचं, जसं बार्शीच्या आडत्यानं कधीकाळी हाली रुपया खळखळ न करता घेतला असेल. वकिलानं फी न घेता अर्ज तपासून द्यायचा. वर्गातल्या मुलांनी सुट्टीत त्याला घरी न्यायचं, कारण वसतिगृह रिकामं झालं की तोच तेवढा मागं राहतो. व्हिसाची मुदत वाढवून घ्यायची तर विद्यापीठाकडून तो अजून विद्यार्थी असल्याचा दाखला लागतो. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना तो दाखला आठवडे खातो, आणि तेवढ्यात मुदत संपली की दंड, नोटीस, परत पाठवण्याची टांगती तलवार असं सगळं सुरू होतं. विभागप्रमुखानं आणि कारकुनानं तो कागद त्याच दिवशी सही-शिक्क्यासह त्याच्या हातात दिला, तर त्या मुलाला आणखी एक वर्ष इथं निर्धास्त झोप लागेल.