तेरा गिअर की पाच?

अमेरिकेतल्या मॅक कंपनीनं १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात लांब पल्ल्याच्या ट्रकला फक्त पाच गिअर दिले. आपल्याला पाच गिअर नेहमीचेच वाटतात. तिकडे मात्र तेहतीस-चौतीस टनांची ट्रेलरगाडी घेऊन डोंगर ओलांडणाऱ्या चालकाच्या हाताखाली तेव्हा दहा किंवा तेरा गिअर असत. काही जुन्या गाड्यांना तर वीस होते, आणि त्यांत मॅकचाच क्वाड्रुप्लेक्स गिअरबॉक्स होता.

वीस गिअर म्हणजे दोन पेट्या आणि दोन दांडे. पुढची मुख्य पेटी पाच गतींची, मागची साहाय्यक पेटी चार गतींची. दोन्ही एकाच वेळी बदलायची वेळ आली की चालक डावा हात स्टिअरिंगच्या आऱ्यांमधून आत घालून एक दांडा धरायचा आणि उजव्या हातानं दुसरा. गाडी चढावर, मागे एवढा बोजा, आणि तेवढ्या क्षणापुरतं स्टिअरिंग कोपराच्या आधारावर. हे कसब असलेल्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ही पाळी त्यांच्यावर आली ती इंजिनामुळे.

मोठ्या डिझेल इंजिनाचा कामाचा पट्टा अरुंद असतो. त्या काळी ते मिनिटाला साधारण २१०० फेऱ्यांवर पूर्ण ताकद देई आणि फेरे उतरले की ताकदही उतरे. गाडीचा वेग शून्यापासून शंभर किलोमीटरपर्यंत बदलत असताना इंजिनाला मात्र तेवढ्याच पट्ट्यात धरून ठेवायचं, हे गिअरबॉक्सचं काम. पट्टा जितका अरुंद, तितक्या पायऱ्या जास्त. म्हणून जुन्या ट्रकची तुलना करताना नुसत्या अश्वशक्तीकडे बघून चालत नाही. इंजिन कोणत्या गिअरबॉक्सला जोडलं आहे, हे आधी विचारावं लागतं.

डेट्रॉइट डिझेलचं ८व्ही७१ हे याचं ठळक उदाहरण. जनरल मोटर्सनं १९३८मध्ये सुरू केलेल्या ७१ मालिकेतलं हे आठ सिलिंडरांचं टू-स्ट्रोक डिझेल. प्रत्येक सिलिंडर ७१ घनइंचांचा, सगळे मिळून सुमारे ९.३ लिटर, ताकद ३१८ अश्वशक्ती. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक सिलिंडर पेट घेतो, त्यामुळे २१०० फेऱ्यांचा आवाज कानाला दुप्पट वाटतो. हवा आत ढकलायला रूट्स ब्लोअर, त्याची शीळ वेगळीच. पण फेरे पडले तरी या इंजिनाचा टॉर्क फारसा वाढत नाही. गणित सोपं आहे. टॉर्क जवळपास सपाट असेल तर १५०० फेऱ्यांवर ३१८ची सव्वादोनशेच्या आसपास अश्वशक्ती उरते. वर, कमी फेऱ्यांवर रेटत नेणं या इंजिनाला मानवतही नाही. ते सतत वरच्या फेऱ्यांत ठेवावं लागे. तिकडचे जुने चालक नवख्याला सांगत, की निघण्याआधी बोटं दारात चेंगरून घे, म्हणजे दिवसभर हवा तेवढा रागावून गाडी हाकशील.

अशा इंजिनाला जोडीदार हवा तो फुलर रोडरेंजर. मिशिगनमधल्या कॅलमॅझू गावची ही कंपनी १९५८मध्ये ईटननं घेतली. तिच्या तेरा गतींच्या पेटीनं दोन दांड्यांची कसरत एका दांड्यावर आणली. एक लो गिअर, मग चार गिअर. दांड्यावरचा खटका ओढला की हवेच्या दाबानं मागची रेंज बदलते आणि तेच चार खाचे पुन्हा पाचवा ते आठवा होतात. या वरच्या चारांतला प्रत्येक गिअर दुसऱ्या खटक्यानं दोन भागांत फुटतो. एक, चार आणि आठ मिळून तेरा. या फुटलेल्या गिअरांमधली पायरी साधारण १७ टक्क्यांची, म्हणजे २१०० फेऱ्यांवर गिअर बदलला तर इंजिन जेमतेम १८००पर्यंत उतरतं. डेट्रॉइटला नेमकं हेच लागतं.

या पेटीच्या आत एकाऐवजी दोन काउंटरशाफ्ट असतात आणि टॉर्क दोघांत वाटला जातो. दाते रुंद न करता जास्त ताकद पेलता येते, पेटी आखूड राहते. मुख्य गिअरांना सिंक्रोमेश मात्र नाही. इंजिनाचे फेरे आणि गाडीचा वेग यांचा मेळ चालकानं कानानं घालायचा. डबल क्लच मारायचा, किंवा हात बसलेला असेल तर क्लचला पाय न लावता दांडा सरकवायचा. मेळ चुकला की दात करकरतात आणि चढावर गाडी गिअरविना राहते.

मॅकनं प्रश्न दुसऱ्या टोकाकडून सोडवला. पायऱ्या वाढवण्यापेक्षा पट्टाच रुंद करायचा. मॅक्सिडाइन हे सहा सिलिंडरांचं, ११ लिटरचं टर्बोचार्ज्ड इंजिन. कागदावर २१०० फेऱ्यांना अवघी २३७ अश्वशक्ती. पण फेरे उतरतात तसा याचा टॉर्क चढत जातो आणि १२०० फेऱ्यांवर तो निम्म्याहून थोडा जास्तच वाढलेला असतो, सुमारे १,२३० न्यूटन मीटर. त्यामुळे १२०० फेऱ्यांवरही दोनशेच्या वर अश्वशक्ती हाताशी राहते. आणि १५०० फेऱ्यांवर हे २३७चं इंजिन डेट्रॉइटच्या ३१८च्या बरोबरीला येतं. या जुळणीत मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. मग पायऱ्या मोठ्या ठेवल्या तरी बिघडत नाही. मॅकच्या पाच गतींच्या मॅक्सिटॉर्क पेटीत तीन काउंटरशाफ्ट होते, कारण एवढा टॉर्क सोसायचा होता.

तरीही पश्चिमेकडचे डोंगर मॅक्सिडाइननं जिंकले असं मी म्हणणार नाही. ३६ टनांची गाडी ६ टक्के चढावर धरा, लॉस एंजलिसच्या उत्तरेच्या ग्रेपव्हाइन घाटात आहे तसा. चाकांपर्यंत पोचताना होणारी घट वजा केली तर २३७ अश्वशक्तीला तिथे ताशी तेवीस-चोवीस किलोमीटर मिळतील, ३५०ला चौतीस-पस्तीस. टॉर्क कितीही छान चढो, बोजा वर नेण्याचा वेग शेवटी ताकदच ठरवते. म्हणून लांबच्या चढांसाठी माझी पसंती कमिन्सच्या एनटीसी-३५० आणि तेरा गतींच्या फुलरला. हे १४ लिटरचं, ८५५ घनइंचांचं इंजिन दोघांच्या मधलं आहे. टॉर्क बऱ्यापैकी चढतो, १५०० फेऱ्यांवर तीनशेच्या आसपास अश्वशक्ती शिल्लक असते. सपाटीवर गिअर न फोडता जाता येतं, चढावर बारीक पायऱ्या हाताशी असतात. हे ८५५चं घराणं आपल्याला परकं नाही. १९६२मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या किर्लोस्कर कमिन्समध्ये कोथरूडला ही इंजिनं बनत आणि जनरेटर, डंपर चालवत.

घाट उतरण्याचा उपायही कमिन्सच्याच घरातून आला. संस्थापक क्लेसी कमिन्स १९३१मध्ये न्यूयॉर्कहून लॉस एंजलिसला ट्रक नेत असताना कॅलिफोर्नियाच्या कहोन खिंडीत ब्रेकांनी दगा दिला आणि खालच्या रुळांवरून जाणाऱ्या मालगाडीवर आदळता आदळता ते वाचले. त्यातून पुढे इंजिन ब्रेक निघाला. दाबलेली हवा ऐन वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सोडून द्यायची, म्हणजे इंजिन गाडीला ढकलण्याऐवजी अडवतं. जेकब्ज कंपनीनं १९६१पासून तो बनवायला घेतला. उतारावर पुन्हा गिअरबॉक्सचं महत्त्व आहेच, कारण फेरे जितके वर, तितका हा ब्रेक जोरकस.

१९७३च्या तेलटंचाईनंतर सगळेच इंजिनवाले कमी फेऱ्यांकडे वळले. डेट्रॉइटनं १९८७मध्ये सिरीज ६० हे फोर-स्ट्रोक, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं इंजिन आणलं आणि ट्रकमधले टू-स्ट्रोक हळूहळू संपले. आजची इंजिनं बाराशेच्या खालीच भरपूर टॉर्क देतात, म्हणजे मॅक्सिडाइनचा विचार सर्वमान्य झाला. पाच गिअर मात्र टिकले नाहीत. डिझेलची बचत ठरावीक फेऱ्यांवरच सगळ्यात चांगली होते, तेव्हा बारीक पायऱ्या हव्यातच. आणि दांडा संगणकाच्या हाती गेल्यावर गिअरांची संख्या चालकाला जड राहिली नाही. मॅकनं २०१०मध्ये आणलेल्या एमड्राइव्ह या स्वयंचलित पेटीला बारा गिअर आहेत.